सगुणचा खांदा

लालमाती फुटबॉल क्लब बंद पडला त्याला बारा वर्षं झाली. खाण बंद झाली, मालकाने क्लबाच्या ऑफिसला कुलूप घातलं, खेळाडू कुणी बँकेत चिकटले, कुणी गल्फात गेले. बंद पडले नाहीत ते फक्त माझ्या हॉटेलाबाहेरच्या बाकावरचे दोघे. सगुण आणि बाबली.

सगुण शिरगावच्या बाजूला खाणीच्या काट्यावर कारकून होता, ट्रकांची वजनं लिहायचा. बाबली बांद्याचा, त्याच खाणीवर टिप्पर चालवायचा. चाळीस वर्षं आमच्या गावात, पार्शात, राहिला, पण तोंडातली भाषा बांद्याचीच ठेवली. दोघांनी उभ्या जन्मात कुत्र्याशिवाय कशाला लाथ मारलेली नाही. पण सकाळी पोदेर पाव घेऊन यायच्या आत दोघं बाकावर हजर, आणि एकोणनव्वद सालची फायनल सुरू.

"शेवटचं मिनिट," सगुण सांगणार. "कॉर्नर. शांताराम उडाला, हेडर, गोल!"

"आदी बॉल पोस्टाक लागलो," बाबली म्हणणार.

"नाही लागला."

"माका सांगतंस? तुमका वास्कोक टिपरात घालून कोणी नेल्यान? माझ्या बापाशीन?"

हे खरं होतं. साठ माणसं खनिजाच्या टिपरात उभी राहून वास्कोला गेली होती, आणि टिप्पर धुवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मे महिना, घाम, त्यावर ती लाल भुकटी. मैदानावर उतरली तेव्हा साठच्या साठ जणं गेरू फासल्यासारखी. क्लबाची जर्सीही लाल. खेळाडू कोण आणि बघे कोण, देवालाही कळलं नसतं.

मग सगुणचा मुख्य भाग यायचा. गोल झाला, माणसं मैदानात घुसली, आणि सगुणने शांतारामला उजव्या खांद्यावर घेऊन मैदानाला अख्खी फेरी मारली. "त्या दिवसापासून हा खांदा वर जात नाही, वयनी," हे तो मला रोज सांगायचा, चहाचा ग्लास डाव्या हाताने उचलून. त्या खांद्याच्या नावावर त्याने घरात काडी हलवली नाही. गॅसचा सिलिंडर, नारळाचं पोतं, लग्नातली भांडी, सगळं त्याची बायको सुविधा उचलायची. तो बाजूला उभा राहून खांदा चोळायचा.

आता माझं ऐका. आमचे हे, गौरेश, आत भजी तळतात. एकोणनव्वद साली ते बाबलीच्या टिपरावर क्लीनर होते, एकोणीस वर्षांचे. कंपनीने दिलेली जुनी जर्सी अंगात. लग्नानंतर आठ दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, "वास्कोला मला कुणा येड्याने खांद्यावर घेऊन फिरवलं गो. मी खाली ठेव म्हणून बोंबलतोय, लोक टाळ्या वाजवतायत. उतरून बघतो तर एक चप्पल गेलेली." कोण तो येडा, त्यांना ठाऊक नव्हतं. सगळेच लाल.

मी एकदा हे बाकावर बोलायला गेले. सगुण म्हणाला, "वयनी, फुटबॉलातलं बायकांना काय कळतं? तुम्ही भज्यांकडे बघा." बघते, म्हटलं. तेव्हापासून भज्यांकडेच बघत होते.

यंदा पंचायतीने मैदानावर बसायला पायऱ्या बांधल्या, वर पत्रे घातले. पंचायत सदस्य रूपालीने ठरवलं, उद्घाटनाला वास्कोहून शांतारामला आणायचं, आणि शाल घालायची सगुणने. सगुणचे पाय जमिनीला लागेनात.

"त्याने मला ओळखलं पाहिजे, वयनी," तो म्हणाला. "माइकवर. सगळ्या गावासमोर. बाबल्याचं तोंड कायमचं बंद."

"आणि नाय वळाकल्यान तर?" बाबली म्हणाला.

"तर परत या बाकावर बसणार नाही. आणि माझ्याकडे पुरावा आहे."

हा पुरावा त्याने घरी काचेच्या पेटीत ठेवला होता, लाल फडक्यात गुंडाळून. फुटबॉलातलं कळणाऱ्यांनाच दाखवणार म्हणायचा, म्हणजे कुणालाच नाही. दर दसऱ्याला मात्र त्याला झेंडूची माळ घालायचा, हे सुविधा मला सांगायची.

रविवारी चार वाजता गाव जमला. चहा आमच्याकडे होता, त्यामुळे हेही किटली घेऊन आले. शांताराम आला. पासष्टीचा, पोट पुढे, गुडघे गेलेले, पायरी चढताना दोघांनी धरलेला. सगुण नव्या शर्टात शाल घेऊन उठला. खांदा दुखतो हे गावाला दाखवायला हवं, म्हणून त्याने शाल एकट्या डाव्या हाताने टाकली. ती शांतारामच्या डोक्यावरून खाली आली आणि पाहुणा अख्खा झाकला गेला. आतून बोलण्याचा आवाज येत होता. रूपालीने शाल ओढली तेव्हा पाहुण्याचा चष्माही तिच्याबरोबर गेला.

चष्मा सापडल्यावर सगुणने माइक धरला. "शांतारामबाब, ओळखलं मला?"

शांतारामने खालीवर बघितलं. "नाही बा."

"एकोणनव्वद! वास्को! या खांद्यावर!"

"खूप माणसं होती त्या दिवशी," शांताराम सांभाळून म्हणाला.

मागून बाबली खोकला. सगुणने घाईघाईने घरून आणलेली पेटी उघडली, फडकं सोडलं आणि आतली वस्तू दोन्ही हातांनी वर धरली. खांदा मस्त वर गेला, पण तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे वस्तूकडे बघत होते. निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. डाव्या पायाची. अंगठ्याकडे तुटलेली, तांब्याच्या तारेने बांधलेली.

"मी फिरवताना तुमच्या पायातली पडली," सगुण म्हणाला. "पस्तीस वर्षं सांभाळली."

मग बाबली, "अरे सगुण्या, सेंटर फॉरवर्ड चपलेन खेळलो? बूट खंय गेले, धोब्याकडे?"

"ही माझी नव्हे," शांताराम म्हणाला. "गोल केला आणि माझ्या पोटरीत गोळा आला. मला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. फेरीबिरी मी काय बघितली नाही."

तेवढ्यात चहा देत देत आमचे हे मंचापाशी पोचले होते. त्यांनी चपलेकडे बघितलं. किटली रूपालीच्या भाषणाच्या कागदावर ठेवली.

"ही तार हॉर्नची. बाबलीभावांच्या टिपराची," हे म्हणाले. "मी बांधलेली. सगुणभाऊ, तो माणूस तुम्ही होता? मी खाली ठेव, खाली ठेव म्हणून बोंबलत होतो."

सगुणचं तोंड फायनलच्या दिवसासारखं लाल झालं. "मला वाटलं, तू क्लबाच्या नावाने ओरडतोस," तो पुटपुटला, आणि माइक चालू होता.

"म्हणून त्या दिसापासून माझो हॉर्न वाजत नाय!" बाबली ओरडला.

गाव हसून हसून पत्र्यापर्यंत गेला. पण बायकांच्या ओळीत एक जण हसत नव्हती. सुविधा उभी राहिली.

"गौरेशभावजी, तेव्हा तुमचं वजन किती होतं?"

"असेल चाळीसेक किलो, वयनी. जेवायलाच कुठे मिळायचं?"

"चाळीस," सुविधा म्हणाली आणि खाली बसली. जन्मभर वजनं लिहिलेला सगुण चपलेकडे बघत राहिला.

तीन दिवस बाक रिकामा होता. बाबली एकटाच येऊन बसायचा आणि पोस्टाला लागलेल्या बॉलविषयी कुणी वाद घालत नाही म्हणून कंटाळून जायचा. चौथ्या दिवशी गॅसची गाडी माझ्या हॉटेलासमोर थांबली, आणि वळणावरून सगुण आला. उजव्या खांद्यावर रिकामा सिलिंडर. त्याच्या दहा पावलं मागे सुविधा, हात मोकळे सोडून.

त्याने सिलिंडर गाडीपाशी ठेवला आणि शपथ विसरून बाकावर टेकला. मी चहा दिला. हे भजी घेऊन बाहेर आले, पायात एका बाजूला नवी चप्पल, एका बाजूला निळ्या पट्ट्याची. सगुणने तिकडे न बघता घोट घेतला.

"उजव्या खांद्यावर गौरेश होता, हे मान्य," तो म्हणाला. "पण स्ट्रेचर यायच्या आधी डाव्या खांद्यावर कोण होता, ते कुणी विचारलं?"

बाबलीने कपाळाला हात लावला. गाडीपाशी भरलेल्या सिलिंडरची वाट बघत उभ्या असलेल्या सुविधाने मात्र वळून बघितलं.

"असं का?" ती म्हणाली. "मग हा भरलेला उजव्यावर घरी नेऊन ठेवा आणि परत या. नारळाचं पोतंही न्यायचं आहे, ते डाव्यावर घ्या."