थोरल्या जावयाचे आठ किल्ले

माझा साडू महेंद्र जिंकताना हसत नाही. हसला असता तर त्याचा तिरस्कार करणं सोपं गेलं असतं. तो हळहळतो. माझा किल्ला घ्यायची वेळ आली की मान हलवतो, "वाईट वाटतं हो, साईनाथराव," म्हणतो, आणि किल्ला घेतो. समोर मी त्याला महेंद्रराव म्हणतो. इथे त्याची गरज नाही.

खेळ नानांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, स्वतः बनवलेला. नाना सरकारी खात्यात आरेखक होते. निवृत्तीनंतर त्यांनी प्लायवुडच्या एका मोठ्या फळीवर वसईच्या खाडीपासून माहुलीपर्यंतचा मुलूख काढला, इतका बारीक की पारसिकच्या डोंगरावरची झाडंसुद्धा दिसावीत. किल्ले म्हणजे रंगवलेल्या सुपाऱ्या. त्या बसाव्यात म्हणून फळीला खळगे पाडलेले. घोडे म्हणजे चिंचोके. ज्याचे दहा किल्ले होतील तो जिंकला. खेळणारे चौघे: नाना, त्यांचा मुलगा गोविंदा आणि आम्ही दोन जावई. महिन्यातून एक रविवार नौपाड्यात नानांकडे बैठक बसते, आणि डाव अर्धा राहिला की फळी तशीच्या तशी कपाटावर जाते.

या डावात महेंद्रचे आठ किल्ले झाले होते. माझे पाच.

एरवी हरलो असतो तर घरी येऊन जेवलो असतो. पण नानांची इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती आणि नाना-माई गोविंदाकडे बाळकुमला राहायला जाणार होते. तिथे फळी मांडली तर माणसांनी जिन्यात बसायचं. म्हणून ठरलं की हा डाव जो जिंकेल त्याच्या घरी यापुढे बैठक. म्हणजे डोंबिवलीला माझ्याकडे, नाहीतर घोडबंदर रोडला महेंद्रकडे, सत्ताविसाव्या मजल्यावर. तिथे मी एकदा गेलेलो आहे. गेटवर माझा फोटो काढला, वर गेल्यावर महेंद्रने मला बाल्कनीत नेलं. "ते बघा, येऊरचं जंगल," म्हणाला, जणू रोपं यानेच लावली होती. दर महिन्याला ते जंगल बघायचं माझ्या मनात नव्हतं.

आघाडीवरच्याला एकट्याने पाडता येत नाही, तिघांनी एकदम घोडे घालावे लागतात. मी नाना आणि गोविंदाशी फोनवर बोलून घेतलं. दोघे तयार झाले. अडचण गोविंदाची होती. मागच्या बैठकीत माझे घोडे घोडबंदरकडे निघाले तेव्हा या मुलाने मागून माझा पारसिक घेतला. का, विचारलं तर म्हणाला, "मोकळा होता, भावोजी."

शेवटच्या बैठकीसाठी दोन रविवार शिल्लक होते. एक साधा. दुसरा अधिक महिन्यातला, धोंड्याच्या जेवणाचा. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला ओवाळायचं, अनारशांचं ताट द्यायचं. शिवाय माईंच्या माहेरची एक रीत आमच्या सासरी चालत आलेली आहे: जेवणानंतर जावई जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. आजवर कोणी बडीशेपेच्या पुढे गेलं नव्हतं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा हिशेब मांडला. ओवाळून झालेल्या विष्णूचा किल्ला पाठीमागून घ्यायची गोविंदाची छाती होणार नाही. मी दुसरा रविवार कळवला. महेंद्र म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. माझी बायको रचना म्हणाली, "तुम्ही दोघं जावई आहात, लक्षात आहे ना?" मला वाटलं ती शर्टपीसबद्दल बोलतेय.

जेवण झालं. माईंनी दोघांना ओवाळलं, आधी थोरल्याला. फळी खाली उतरली. खेळताना पहिला मानही थोरल्या जावयाचाच; त्याने दोन किल्ल्यांत घोडे भरले आणि खेळी माझ्याकडे आली. मी सगळे चिंचोके उचलून त्याच्या घोडबंदरवर घातले आणि नानांकडे बघितलं.

नानांनी मूठभर चिंचोके उचलले, आणि परत ठेवले.

"आज नको, साईनाथराव. आत्ताच ओवाळलंय त्यांना."

"नाना, आपलं ठरलेलं."

"ठरलेलं. पण तारीख तुम्ही ठरवलीत."

गोविंदाने मोबाइलमध्ये बघत सांगितलं की त्यालाही आज जमणार नाही, ताई ओरडेल. ताई म्हणजे महेंद्रची बायको प्रीती. ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभीच होती.

"म्हणजे तिघांचं ठरलं होतं?" महेंद्र म्हणाला. "वाईट वाटलं हो." मग त्याने माझे एकटे आलेले घोडे एकेक करून उचलले आणि डबीत टाकले.

पुन्हा त्याची खेळी आली. त्याने चिंचोक्यांना हात लावलाच नाही. माईंकडे वळून विचारलं, आज मागितलं तर चालतं ना? माई खूश झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी काही मागत होतं.

"नाना, माहुली द्या."

नानांनी माहुलीची सुपारी दोन्ही हातांनी उचलून दिली. गोविंदाने दुर्गाडी न मागताच पुढे केला; ताटातल्या उरलेल्या अक्षताही वर टाकल्या. दहा झाले.

"आता आमच्याकडे यायचं," महेंद्र मला म्हणाला. "लवकर निघत जा. कापूरबावडीला अडकायला होतं."

तेवढ्यात माईंच्या लक्षात आलं. "अहो, धाकट्या जावयांचं मागायचं राहिलं की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. किल्ले मागून उपयोग नव्हता, डाव संपला होता.

"ही फळी द्या," मी म्हणालो.

नानांचा हात फळीवर होता, वसईच्या खाडीवर. तो त्यांनी जरा उशिरा उचलला.

"पण बैठक तर माझ्याकडे आहे," महेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात हळहळ नव्हती, हे मी नीट ऐकून घेतलं.

"तुमच्याकडेच आहे. जिंकलात तुम्ही. वाईट वाटतं हो, महेंद्रराव."

फळी टॅक्सीत आडवी मावेना, म्हणून माहुलीची बाजू रचनाच्या मांडीवर आली. डोंबिवलीपर्यंत तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. घरी आल्यावर म्हणाली, "नानांनी ती कुणालाच दिली नसती. मागायचं कसं सुचलं तुला?" मी सांगितलं की मला सुचलं नव्हतं, महेंद्रचं बघून शिकलो.

दोन आठवड्यांनी नानांचा फोन आला. बैठकीला डोंबिवलीला येतो म्हणाले. ते माझ्या बाजूचे वगैरे नव्हते. त्यांना फळी बघायची होती. नाना येणार म्हणून गोविंदा, आणि दोघे येणार म्हणून शनिवारी महेंद्रचा फोन: "साईनाथराव, किती वाजता यायचं?"

म्हणजे मी जिंकलो. जिंकल्यामुळे तो आता माझ्या घरी, पंख्याखालच्या खुर्चीत बसतो आणि रचना त्याला साबुदाणा वडे करून वाढते. पहिल्या बैठकीला नाना पिशवीत हातड्रिल घेऊन आले. यजमानाचा मान म्हणून त्यांनी फळीवर डोंबिवलीला नवा खळगा पाडला, तिथे लाल सुपारी ठेवली आणि किल्ला मला दिला.

पहिल्याच फेरीत महेंद्रने त्याला वेढा घातला. वडा खाली ठेवला, बोटं रुमालाला पुसली, मान हलवली.

"वाईट वाटतं हो, साईनाथराव," म्हणाला, आणि डोंबिवली घेतली.