रडण्याची शिकवणी

त्या दिवशी थोरली जाऊ एका हॉटेलचे अठ्ठावीस पडदे शिवायला बसली होती आणि मनातल्या मनात धाकट्या जावेला उभी-आडवी उसवत होती. घर एकच, मजले दोन. खाली थोरलीचं शिवणाचं दुकान, वर धाकटीचा संसार. आणि धाकटीचं कौतुक गळक्या नळासारखं दिवसभर खाली ठिबकायचं.

कौतुक कसलं, तर रडण्याचं. धाकटीची सहा वर्षांची चिमी फोनसमोर रडायची. शाळा आहे म्हणून रडायची, शाळेला सुट्टी म्हणूनही रडायची. आधी ओठ थरथरणार, मग डोळे भरणार, मग एकच थेंब गालावर येऊन असा थांबणार, जणू त्याला पुढचा रस्ता कोणाला तरी विचारायचाय. लाखो लोक ते व्हिडिओ बघायचे. थोरलीची गिऱ्हाइकं मापं देतानाही मान खाली घालून चिमीलाच बघायची. त्यापायी एकीच्या झग्याचा गळा पार पोटापर्यंत उतरला, असं थोरली आजही शपथेवर सांगते.

वीस वर्षं मान मोडून शिवतेय, तर गल्लीच्या टोकाला मला कोणी ओळखत नाही. आणि हिची पोरगी नाक ओढते तर जग हळहळतं. या विचाराने थोरली इतकी जळायची, की इस्त्री न तापवता कपडे सरळ झाले असते.

शेवटी तिनेही फोन मापाच्या पुतळ्याच्या खांद्यावर बांधला आणि स्वतःच्या लेकीला पुढे बसवलं. ही सात वर्षांची, घरात तिला खिदळी म्हणत, आणि तिथेच घोडं अडलं. मांजर पळून गेली म्हटलं, तर खिदळी म्हणाली, दुधाच्या वेळी येईल. शाळा कायमची बंद झाली म्हटलं, तर ती नाचली. तो नाच अकरा वेळा पाहिला गेला. त्यातल्या दहा वेळा खुद्द बापाने.

अशात मुलांच्या कपड्यांची एक कंपनी जाहिरातीसाठी गोड रडणारी मुलगी शोधतेय, अशी बातमी आली. शनिवारपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता. धाकटी चिमीचा पाठवणार हे उघडच होतं. मग थोरलीने असं काही केलं, जे जळून जळून डोकं फिरलेली बाईच करू जाणे. धाकटी बाजारात गेलेली पाहून तिने चिमीला हळूच खाली बोलावलं, आणि खिदळीला रडण्याची शिकवणी लावली. फोन चालू करून ती स्वतः टांगलेल्या पडद्यांमागे उभी राहिली.

"डोळे मीट," चिमी मास्तरणीसारखी म्हणाली. "आता मनात म्हण, आई मेली."

"कोणाची?"

"तुझी. माझी मी वापरते."

"पण आई तर पडद्यामागे आहे."

"माझी पण समोरच असते, फोन धरून. तरी मारायची. पहिल्यांदा लगेच रडू येतं. मग रोज रोज मेली की येत नाही. हल्ली मला दोनदा मारावी लागते."

खिदळीने जरा विचार केला. "आणि खरंच मेली तर?"

"तेव्हा नाही येणार बहुतेक," चिमी म्हणाली. "संपलेलं असेल."

खिदळीचा ओठ थरथरला. जन्मात पहिल्यांदा तिचे डोळे असे भरले, की चिमीचे सगळे व्हिडिओ त्यापुढे फिके. पडद्याच्या फटीतून थोरली पाहत होती. एवढंच पाठवलं की धाकटीचं नाक खाली. तिने फोन तसाच चालू ठेवला. चार श्वास ठेवला, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. पाचव्या श्वासाला ती बाहेर आली, लेकीला पोटाशी धरलं, व्हिडिओ पुसला आणि चिमीलाही दुसऱ्या हाताने जवळ ओढलं.

धाकटी परतताच थोरली वर गेली आणि ऐकलेलं सगळं, स्वतःच्या शिकवणीसकट, तिला सांगितलं.

"वहिनी, तुम्ही जळता आमच्यावर," धाकटी म्हणाली.

"जळते. आत्ता या घटकेलाही जळते. पण तुझी पोर तुला रोज मारते गं. माझी आज पहिल्यांदा मारणार होती, आणि मी बघत उभी होते."

धाकटीचा विश्वास बसेना. तो खेळ आहे, चिमीला आवडतो, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग खरं-खोटं करायला तिने चिमीला हाक मारली. चिमी आली. आईच्या हातात फोन दिसताच, कोणी काही बोलायच्या आत, तिने स्वतःहून डोळे मिटले.

"मी काहीच सांगितलं नाही तुला," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"थांब आई," चिमी डोळे न उघडता म्हणाली. "अजून एकदाच मेलीयेस."

त्या शनिवारी या घरातून कंपनीला काही गेलं नाही, आणि त्यानंतरही दोघींनी पोरींवर फोन धरला नाही. कंपनीला दुसरी मुलगी मिळाली, कुठल्या तरी दुसऱ्या घरातली. परवा ती थोरलीच्या फोनवर आली. खाली लाखांचा आकडा पाहून थोरली जळलीच, खोटं कशाला बोला. पण त्या मुलीने डोळे मिटले, तेव्हा थोरलीने व्हिडिओ बंद केला.

तुमच्याकडेही आली असेल ती. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलीत?