वाळू संपेपर्यंत गप्प कोणी बसायचं?

मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. काचेचे दोन फुगे, मधे सुईच्या नेढ्याएवढं भोक आणि आत मिनिटभराची वाळू, एवढाच माझा संसार. भोक असलेलं पाण्याचं भांडं रिकामं होत आलं की धार मंदावते. माझी वाळू मात्र वर ढीगभर असो की चिमूटभर, एकाच वेगाने पडते. समोरच्याचा हुद्दा पाहून ती घाई करत नाही. याचा मला अभिमान होता. आज मात्र संताप आहे. का, ते ऐका.

मित्रांनो, तुमच्या शिक्षकांनाही अडचणी येतात. त्यांच्या मदतीला मार्गदर्शक येतात. वर्गात मागे बसून तास पाहतात आणि नंतर शिक्षकांशी बोलतात. पण मदत कशी करायची, हे त्या मार्गदर्शकांना कोण शिकवणार? आमच्या प्रशिक्षण केंद्रात ते काम आक्का करायच्या. विज्ञान शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. त्यांनीच मला प्रयोगशाळेच्या भंगारातून उचललं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"शिक्षकाला प्रश्न विचारलात की हे उलटं करायचं," त्या म्हणाल्या, "आणि वाळू संपेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही."

"आक्का, एवढा वेळ मी झोपेतही गप्प नसतो!" एक मार्गदर्शक म्हणाले. सगळे त्यांना धबधबा म्हणत, ते उगाच नाही.

"माहीत आहे. म्हणूनच पहिला नंबर तुमचा. घेऊन जा याला."

असं मी त्यांच्या पिशवीतून एका शाळेत पोहोचलो. तिथल्या नव्या बाई पूर्ण तास वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहायच्या. मागे नुसता गोंधळ. वर्ष संपलं की नोकरी सोडणार, असं त्यांनी घरी सांगूनही टाकलं होतं. 'मुलांकडे बघा, आवाज चढवा' असा उपदेश धबधब्याने आधी भरपूर केला होता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, मुलांकडे वळताना काय वाटतं?" आणि मला उलटं केलं.

"काही नाही, सर. ठीक आहे."

धबधब्याचे ओठ हलले. उपदेश अगदी जिभेच्या टोकावर आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो गिळला. वाळू पडत राहिली. बाई बोटांवरचा खडू पुसत राहिल्या.

"भीती वाटते," त्या हळूच म्हणाल्या. "वळले की कुणीतरी विचारेल, अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा? सर, मलाच माहीत नाही. मी फक्त पाठ केलंय."

त्यावर हसू नाही, उपदेश नाही. धबधब्याने एक कागद घेतला, अर्धा फाडला आणि विचारलं, "या अर्ध्यात अख्ख्या कागदाचे चतकोर तुकडे किती बसतील?" बाईंनी घडी घातली. दुसरी घातली. मग भराभर कागद फाडत सुटल्या. त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली नाही.

पुढे मी केंद्रात परतलो, आक्का निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. मार्गदर्शकांना शाळेत पाठवून शिकवणं बंद झालं. आता एक मोठं सभागृह, एक माइक आणि एकच दिवस. विषय होता 'ऐकण्याची कला'. त्यावर साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकटेच बोलले! त्यांच्यासाठी मला कुणी उलटं केलं नाही. मग मनगटावरचं घड्याळ बघत ते म्हणाले, "आता तुमचे प्रश्न. प्रत्येकाला एक मिनिट." आणि मला माइकपाशी ठेवलं.

एक बाई उभ्या राहिल्या. त्याच, अपूर्णांकवाल्या! आता त्या स्वतः मार्गदर्शक झाल्या होत्या. साहेबांनी मला उलटं केलं आणि त्या शब्द शोधत, थांबत थांबत बोलू लागल्या.

"सर, आमच्या शाळेतल्या एक नव्या शिक्षिका मी वर्गात शिरले की थरथर कापतात. काल म्हणाल्या, उद्यापासून येणार नाही. त्यांना मी कसं..."

"वेळ संपली! पुढचे कोण?" म्हणत साहेबांनी मला लगेच पुन्हा उलटं केलं.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मित्रांनो, ज्या वाळूने या बाईंना बोलतं केलं होतं, तिनेच आज त्यांचं तोंड बंद केलं. काच तडकेल असा संताप झाला. पण मला हात कुठे आहेत?

हात होते मागच्या रांगेतल्या धबधब्याला. ते तरातरा पुढे आले आणि त्यांनी मला आडवं केलं. वाळू जिथल्या तिथे थांबली.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब गरजले.

"हे थांबलं, साहेब. आता वेळच वेळ आहे. बोला, बाई."

साहेब जेवायला गेले, त्यांच्यामागे अर्धं सभागृहही गेलं. उरलेल्यांनी खुर्च्या ओढून बाईंभोवती गोल केला. बाई बोलल्या, आणि धबधबा शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. त्या थांबल्यावर ते म्हणाले, "ताटं राहू द्या. त्या नव्या शिक्षिकेच्या घरी आत्ताच जाऊ."

आता मी कपाटात बंद आहे. पुढच्या प्रशिक्षणासाठी साहेबांनी घंटा मागवली आहे म्हणे!

मित्रांनो, एखादे दिवशी कपाट साफ करताना मी तुमच्या हाती लागलो, तर मला जरूर वापरा. विनंती एकच आहे. जो मला उलटं करेल, त्याने आधी स्वतः गप्प बसावं.