इंचाला एक ठोका

“श्वास धरू नका, सोडा,” म्हणत शिंपीमास्तरांनी वकिलांच्या पोटाभोवती टेप आवळला, पण आकडा सांगायचा सोडून ते बोलतच राहिले.

“समजा, एक वही आहे. तिच्या हजार नकला, हजार यंत्रांवर. एकीत खाडाखोड केली की उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव बोंब मारतात. यालाच ब्लॉकचेन म्हणतात, वकीलसाहेब! मालक कुणी नाही, शिक्का मारायला साहेब कुणी नाही.”

“आधी टेप सोडा, जीव चाललाय.”

“चाळीस!” मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले आणि डाव्या पायानं फरशीवर तीन ठोके दिले. मशीनमागं बसलेल्या त्यांच्या बायकोनं मापवहीत मुकाट्यानं त्रेचाळीस लिहिलं.

दुकानाची ही तीस वर्षांची रीत. तोंडानं सांगायचा तो गेल्या खेपेचा आकडा. वाढलेला प्रत्येक इंच पायानं. कोट अंगात बसला की गिऱ्हाईक आरशात बघून खूश, आपण होतो तसेच आहोत म्हणून. एका पहिलवानाच्या वेळी तर एवढे ठोके पडले, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, कोण आहे?

वकील गेले, पण मास्तर बसले नाहीत. गेले तीन आठवडे ते बसतच नव्हते. खडू उचलायचा, ठेवायचा, आणि मोबाईल काढायचा. त्यात एक चष्मेवाला नव्या इंटरनेटच्या गोष्टी समजावून सांगत असे. निम्मं मास्तरांना कळायचं, निम्मं ते स्वतः रचायचे, आणि गिऱ्हाइकांना नेमकं ते रचलेलंच पटायचं.

तीन आठवड्यांपूर्वीच डॉक्टरांनी बायकोला तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली होती. वजन का उतरतंय ते बघायला हवं, उशीर करू नका, असंही बजावलं होतं. चिठ्ठी बटणांच्या डब्यात पडून होती. “हातातली कामं उरकू देत,” ती म्हणाली होती. एरवी वाऱ्याशीही वाद घालणाऱ्या मास्तरांनी ते लगेच मान्य केलं होतं.

“आपली सगळी मापवही त्या ब्लॉकचेनच्या साखळीवर चढवायची,” मास्तर येरझारा घालत म्हणाले.

“म्हणजे वकिलांचं पोट जगभर? कोर्टात खेचतील हो ते तुम्हाला.”

“नावं नाही गं घालायची, नुसते नंबर. पण माप खरं! एकदा चढलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी पुसता यायचं नाही.”

“आणि ठोके?”

मास्तर घुटमळले. “ते... दुकानापुरते. ऊठ, पहिलं माप तुझंच घेतो. सुरुवात घरच्या माणसापासून करावी.”

तिनं अंगातला जाड स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि मास्तरांनी नोंदीचं पान उघडून दिलेला मोबाईल हातात घेतला. लिहिण्याचं काम तिचं होतं.

मास्तरांनी टेप लावला. त्याची टोकं नेहमीच्या जागी भेटली नाहीत, एकमेकांना ओलांडून पुढं गेली. त्यांनी टेप काढला, झटकला, पुन्हा लावला. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात निरखला, जणू दोष त्याचाच होता. परत येऊन तिसऱ्यांदा लावला.

“बोला,” ती म्हणाली.

“छत्तीस.” आवाज खणखणीत नव्हता.

सवयीनं त्यांचा डावा पाय उचलला गेला आणि तिथंच राहिला. वाढलेल्या इंचाला एक ठोका होता. घटलेल्या इंचाचं तीस वर्षांत काही ठरलंच नव्हतं.

त्या अधांतरी पायाकडं बघत तिनं अंगठ्यानं दोन आकडे दाबले आणि मोबाईल त्यांच्यापुढं धरला. टेपकडं तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

पडद्यावर बत्तीस होते. खाली एक हिरवं बटण: कायमचं नोंदवा.

“अगं, हे पुसता येत नाही.”

“माहीत आहे. तीन आठवडे तेच तर ऐकतेय. दाबा.”

मास्तरांनी बोट पुढं नेलं, मागं घेतलं, सदऱ्याला पुसलं. मग दाबलं. पडद्यावर एक चकती गरगर फिरू लागली. एरवी त्यांनी गिऱ्हाइकाला खांद्याला धरून दाखवलं असतं: बघा, हजार यंत्रं आता एकमेकांना विचारतायत, हे खरं का?

बायकोनं स्वेटर चढवला. बटणांच्या डब्यात बोटं घालून, चार बटणं सांडून, तिनं चिठ्ठी बाहेर काढली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

चकती कधी थांबली ते मास्तरांनी पाहिलंच नाही. भर दुपारी ते दुकानाचं कुलूप शोधत होते. मशीनखाली, कापडांच्या ढिगात, स्वतःच्या खिशात. ते काही केल्या सापडेना.

दाराशी पायाचा ठोका पडला. एकच.

“हातात आहे तुमच्या,” ती म्हणाली. “चला.”