गोंदिया, पाऊण तास

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. यात मीच येडा दिसतो ना. पण संघदीप म्हणे, लिही, नाईतर मी लग्नात माईकवर सांगतो.

संघदीप माहा दोस्त, दारव्ह्याजवळच्या बोरी अरबचा. त्याचं मन बसलं गोंदियाच्या मैत्रेयीवर. तिचंही त्याच्यावर. अडलं ते तिच्या बापापाशी, धम्मरत्न काकापाशी. काकानं थोरली पोरगी लय लांब देल्ली. तिच्या बाळंतपणाचा निरोप आला, काका निघाले, गाड्या बदलत बदलत पोचले तवा नातू हसून राह्यला होता. तवापासून त्यायचं एकच. सकाळचा चहा घेऊन निघालो तर जेवाच्या टायमाले लेकीच्या दारात पाह्यजे. बोरी अरब त्यात बसत नव्हतं.

मी दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी चालवतो. याले अंतराचं समजते म्हणून संघदीपनं मले बोलणीले नेलं. काका म्हणे, जमत नाई. मी मोबाइल काढला. एका साइटवर टाकलं, यवतमाळ विमानतळ ते गोंदिया विमानतळ. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वेळ पाऊण तास. काकानं चष्मा लावून पाह्यलं अन् पेढे आणाले पाठवलं.

मी खोटं बोललो नाई. पाऊण तासच लागते. विमान हाय का, हे साइटनं सांगतलं नाई अन् काकानं इचारलं नाई.

मंग काका एकटेच घर पाहाले आले. येताना रेल्वे, बस. जाताना विमानानं जाऊ म्हणे. बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणलेली. विमानात चालत नाई म्हणून अडकित्ता घरी ठेवलेला. दिवसभर सुपारी चघळणारा माणूस सकाळपासून बिनसुपारीचा. घर पसंत पडलं. म्हणे, चला विमानतळावर.

संघदीपनं माह्याकडे पाह्यलं. मी गिअर टाकला. रस्त्यात सांगू म्हणलं. यवतमाळ आलं तरी तोंड उघडलं नाई.

गेटावर चौकीदार होता. काकानं त्याले गोंदियाच्या विमानाचा टाइम इचारला.

तो म्हणे, "काका, इथं येणारे आपलं विमान सोबत आणतात. तुमी आणलं का?"

काका बॅगेवर बसले. मी सगळं सांगून टाकलं. संघदीपचा चेहरा असा का सोयरीक मोडलीच. पण बोलला तोच.

"काका, पाऊण तास काही जमत नाई. पण तुमी बोलावलं का त्याच दिवशी तिले घेऊन निघतो."

काकानं लय वेळ काळीपिवळीकडे पाह्यलं. "ही कोणाची?"

"माही," मी म्हणलो.

"मंग लग्न होईन. पण इथून विमान सुरू होईपर्यंत पोरीले आणनं-नेनं या पाऊण तासवाल्यानं कराचं. फुकट."

त्यायले गोंदियाले सोडालेही मीच गेलतो. वर्ध्याले नवा अडकित्ता घेऊन देल्ला तवा कुठं ते बोलाले लागले.

आता गावात विमानाची वाट माह्याइतकी कोणीच पाहून नाई राह्यलं. संघदीप रोज इचारते, गाडी गोंदियापर्यंत टिकन ना? तर हे घे लिहून, दोस्ता. वहिनीले माहेरी मीच नेईन, बोलावलं त्याच दिवशी. अन् किती वेळ लागन म्हणून तुह्या सासऱ्याचा फोन आला, तर मोबाइल तुह्या हाती देईन.