हिरवा पट्टा

ताईने नकाशाच्या एका कोपऱ्यावर कात्री ठेवली, दुसऱ्यावर इस्त्री, आणि उरलेले दोन कोपरे धाकट्या भावाला धरायला लावले. शिवणाच्या टेबलावरच्या कापलेल्या बाह्या आणि कॉलर तिने आधीच कोपराने बाजूला लोटल्या होत्या.

"नीट धर, छोट्या. परत गुंडाळी होतेय."

छोट्या पन्नाशीला आला होता. नदी खात्यात त्याच्या टेबलापुढे माणसं उभ्यानेच बोलत, आणि इथे तो दोन्ही हातांनी कागद दाबून वाकला होता. एरवी त्याला याची गंमत वाटली असती. पण आज तो वाईट बातमी घेऊन आला होता. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून नकाशाच काखोटीला मारून आला होता. उद्या तोच नकाशा बैठकीत भिंतीवर लागणार होता.

बातमी एवढीच होती, की सांडपाणी शुद्ध करणारी नवी केंद्रं जिथे होणार त्या ठिकाणांत ताईचं गाव नव्हतं. पैसे थोडे होते आणि ते वरच्या अंगाच्या मोठ्या शहरांना गेले. तिथे तेवढ्याच खर्चात कितीतरी जास्त घाण थांबत होती, कितीतरी जास्त माणसांचं भलं होत होतं. हिशेब त्याचाच होता. बहिणीसाठी कुठे फट सापडते का, म्हणून त्याने तो पुन्हा पुन्हा करून पाहिला होता. सापडली नाही. हिशेब चोख होता, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

"आपण कुठे यात?" ताईने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला.

"ते वळण बघ. चालत जायचा पूल आहे ना आपला, तिथे."

ताईचं बोट नदीवरून सरकत आलं. वरचे लाल तुकडे ओलांडून ते वळणापाशी थांबलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"अगंबाई, हिरवं!"

"ताई, ते जरा..."

"हिरवं म्हणजे स्वच्छ ना? खाली लिहिलंय की तसं."

"लिहिलंय," तो म्हणाला.

"आणि मी मेली उगाच तोंडसुख घेत होते. तुझी माणसं पुलावरून दोरीने बाटल्या सोडायची, तेव्हा मी इथून शेजारणीला म्हणायचे, बघा, सरकारी मासेमारी चाललीय. पण तपासलं की हो बिचाऱ्यांनी!"

बिचाऱ्यांनी तपासलं होतं, यात खोटं काही नव्हतं. गावाची सगळी गटारं पुलाच्या वरच्या बाजूला नदीत पडत, आणि त्या बाटल्यांचे आकडे बघवत नव्हते. पट्टा लालभडक यायला हवा होता. पण खात्याची एक रीत होती. नकाशावर लाल रंग भरला की त्याच्यापुढे काम लिहायचं. काम लिहायला पैसे नसतील, तर लाल भरायचा नाही.

"लाल दाखवायचं आणि पुढे रकाना कोरा? बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल," मोठे साहेब म्हणाले होते. "बिंदू जरा खाली घ्या की."

बिंदू म्हणजे पाण्याचा नमुना घ्यायची जागा. खाली म्हणजे जिथे डोंगरातला ओढा येऊन नदीला मिळतो तिथे. ओढ्याचं निवळ पाणी मिसळलं की आकडे सुधारत. पट्ट्याचा नमुना पट्ट्यात कुठेही घेतला तरी नियमात बसत होतं, आणि खात्यात कोणाला यात वावगं वाटत नसे. त्याने बिंदू खाली घेतला. पट्टा हिरवा झाला, साहेबांनी चहा मागवला, आणि छोट्याही तो प्यायला.

ताईने मोबाइल उचलून कानाला लावला होता.

"हां, पाणीवाले भाऊ? शिवणवाली ताई बोलतेय. उद्यापासून आमचा जार बंद करा. नाही हो, दुसऱ्याकडून नाही घेत! आता आमच्या बोअरचं पाणी चांगलं झालंय. नदी साफ झाली ना. माझा भाऊच आहे त्या खात्यात."

ते शेवटचं वाक्य तिने जरा मोठ्याने म्हटलं. छोट्याचे हात नकाशावरून निघाले आणि कागद सर्रकन गुंडाळला जाऊन इस्त्रीला टेकला.

"ताई, तुला वास येतो ना पाण्याला?"

"येतो की. पण इतकी वर्षं तोच वास घेतलाय. नाकात बसला असेल. वय झालं की नाकही फसवतं, छोट्या." ती उठून मोरीकडे गेली. "तुमच्या यंत्रापुढे माझ्या नाकाचं काय घेऊन बसलास?"

बोअरचा नळ सुटल्याचा आवाज आला. नदी घराला लागूनच होती, बोअरमध्ये तिचंच पाणी झिरपत होतं. गेल्या वर्षी याच पाण्याने तिला दवाखान्यात नेऊन निजवलं होतं. तेव्हा सलाइनच्या बाटलीकडे बघत हाच छोट्या तिच्या उशाशी बसला होता. तेव्हापासून जार आला होता.

ती दोन पेले घेऊन आली. एक त्याच्यापुढे ठेवला.

"घे. तुझ्याच नदीचं आहे."

पेल्यातलं पाणी दिसायला स्वच्छच होतं. वास मात्र त्याला हातभरावरूनही आला. ताईने आपला पेला तोंडाला लावला, तसा त्याने पुढे होऊन तिचं मनगट धरलं. पाणी कॉलरवर सांडलं.

"अरे, गिऱ्हाइकाचा शर्ट आहे तो!"

"पिऊ नकोस. तुझं नाक बरोबर आहे."

ताईने पेला खाली ठेवला. ओली कॉलर झटकली. मग गुंडाळलेला नकाशा त्याच्यापुढे सरकवला.

"मग हे हिरवं कोणी केलं?"

लहानपणी त्याने काही फोडलं की ती अशीच विचारायची, आणि उत्तर तिला आधीच माहीत असायचं.

"मी," तो म्हणाला.

पुढे त्याने सगळं सांगितलं. खात्याची रीत, बिंदू, ओढा, साहेब. केंद्रं वरच्या शहरांना जाणार, हेही सांगितलं, आणि ते बरोबरच आहे, असंही. त्याने टेबलावरची, कापडावर खुणा करायची लाल पेन्सिल उचलली, नकाशा पुन्हा पसरला आणि वळणापासून ओढ्यापर्यंतच्या हिरव्यावर रंग घासायला लागला. रंग नीट बसेना. हिरव्यावर लाल चढून मळकट तपकिरी होत होतं. तरी तो घासत राहिला.

"साहेब काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. बोलतील चारचौघांत."

"आणि या लालापुढे काम काय लिहिणार?"

"काही नाही. रकाना कोराच राहील."

ताईने सुटलेल्या कोपऱ्यावर स्वतःचा तळवा ठेवला, त्याला रंगवायला सोपं जावं म्हणून. दुसऱ्या हाताने तिने मोबाइल घेतला.

"पाणीवाले भाऊ? हो, मीच परत. तो जार चालूच ठेवा." पलीकडचं ऐकून घेऊन तिने फोन जरा बाजूला धरला. "किती दिवसांसाठी, विचारतोय."

छोट्या ओढ्याजवळचा उरलेला हिरवा तुकडा घासू लागला.

ताईने ते पाहिलं. मग फोन पुन्हा कानाला लावून म्हणाली, "टाकत राहा तुम्ही. बंद करा म्हणून आता माझा फोन येणार नाही."