शब्द: आशर लिंडाउर

नेवार्कच्या एका चर्चमध्ये दर वसंतात जुन्यापान्या वस्तूंची विक्री लागायची. १९५७ साली व्हर्लीन टिब्स तिथं गेली ती पलंगाजवळ ठेवायला एखादा दिवा मिळतो का ते बघायला. दिवा काही मनासारखा मिळाला नाही. मिळाला तो गाण्यांच्या छापील प्रतींचा, सुतळीनं बांधलेला एक जाडजूड गठ्ठा.

व्हर्लीन चाळिशी ओलांडलेली. जॅझ गाणाऱ्यांत तिचं नाव होतं, पण नाव असणं वेगळं आणि चलती असणं वेगळं. वीस वर्षं ती क्लबांमधून गात आली होती. रेकॉर्ड कंपनी वर्षाकाठी तिच्या दोन तबकड्या काढायची. त्यांवर त्या वर्षी बाजारात जे काही चालत असेल ते भरायचं, अशी रीत.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठा सोडला आणि आपली लाडकी गाणी बाजूला काढत गेली. बारा निघाली. चाली सहा निरनिराळ्या संगीतकारांच्या, ठळक टायपात छापलेल्या. पण डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, बाराही प्रतींवर एकच नाव होतं. शब्द: आशर लिंडाउर. ती चक्रावलीच. वीस वर्षं हा माणूस तिच्या तोंडून बोलत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

बाराव्या गाण्यानं तर तिला खुर्चीत बसवलं. ‘टॅक्सी खाली थांबलीय’ हे गाणं माहीत नाही असा माणूस तेव्हा अमेरिकेत सापडला नसता. लग्नात, नाचाच्या हॉलमध्ये, रेडिओवर, सगळीकडे ते वाजायचं. नाचायला जायची घाई झालेली एक मुलगी प्रियकराला हाका मारतेय, असंच सगळे धरून चालले होते. या जुन्या प्रतीत मात्र सुरुवातीला चार ओळींचं एक कडवं होतं, जे तिनं कुणाच्याच तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यातल्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

बारा वर्षं मावली दोन बॅगांत,
आणि तरी एक अर्धी रिकामीच.

मग तो प्रसिद्ध मुखडा. टॅक्सी खाली थांबलीय, मीटर पडतंय, काही बोलायचं असेल तर आत्ता बोल. व्हर्लीननं ते पुन्हा पुन्हा वाचलं. ही मुलगी नाचायला निघालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीत ग्रँट हॅलोरनसमोर जाऊन बसली. तिच्या तबकड्यांचा सगळा कारभार हॅलोरनकडे होता. एक अख्खी एलपी, बाराच्या बारा गाणी एकाच गीतकाराची, वर त्याचं नाव, असं तिनं सांगितलं. हॅलोरन हसला. संगीतकाराच्या नावावर तबकडी निघते हे त्याला मान्य होतं. पण शब्दवाल्याच्या?

“लोक चाल गुणगुणतात, व्हर्लीन. शब्द म्हणजे चाल टांगायच्या खुंट्या.”

“बरं. मग पुढची तबकडी मी नुसती ला-ला-ला करून देते.”

तो नाही म्हणाला. ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली. तिसऱ्या आठवड्यातही गेली. ती अशी खनपटीलाच बसली तेव्हा त्यानं सुटका करून घेण्यासाठी होकार दिला, पण हात आखडून. व्हायोलिनचा ताफा मिळणार नाही. पियानो, बास आणि ड्रम एवढेच. स्टुडिओ दोन दिवस. कंपनीला वाटलं, एवढ्यावर बाई नाद सोडेल. बाईनं कागदावर सही घेतली.

तिचा पियानोवाला एल्मो रॅकली चौदा वर्षं तिच्या साथीला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, तो माणूस जिवंत आहे का, ते तरी बघितलंस?”

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं टेलिफोनची डिरेक्टरी उघडली. लिंडाउर, ए. तिथंच होता, मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला.

त्या इमारतीच्या दारातल्या दरवानानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. काळ्या माणसांनी मालाची लिफ्ट वापरायची असा तिथला शिरस्ता होता, लिहिलेला कुठंच नव्हता. व्हर्लीन म्हणाली, मालाच्या लिफ्टनं माल जातो, आणि जिन्यानं निघाली. सात मजले. उंच टाचांचे बूट. वर पोचेपर्यंत तिच्या छातीचा भाता झाला होता.

दार लिंडाउरच्या बहिणीनं उघडलं. फ्रीडा तिचं नाव, ठेंगणी, हाताला पीठ लागलेलं. आत खिडकीशी एक वाळकुडा म्हातारा लोकरी जाकीट घालून बसला होता. एकोणसत्तर वर्षांचा. नऊ वर्षांत त्यानं एक ओळ लिहिली नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती. व्हर्लीननं आपलं नाव सांगितलं. तो जागचा उठला नाही.

“म्हणजे शब्दांची शेपटं गिळणाऱ्या बाई त्या तुम्हीच.”

ती सातव्या मजल्यापर्यंत चढून आली होती ती हे ऐकायला नव्हे. पण तिनं राग आवरला आणि एलपीचं सांगितलं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यांतलं एखादं गाणं म्हणून दाखवायला सांगितलं. ती गाण्यासाठी श्वास घेऊ लागली तसा त्यानं हात वर केला.

“गाऊ नका. बोला. समोर माणूस बसलाय असं समजून बोला.”

दुसऱ्या ओळीलाच त्यानं तिला थांबवलं. म्हणाला, “तुमचा गळा गोड आहे, म्हणून लोक तुम्हाला माफ करतात. मी करणार नाही. पुढच्या मंगळवारी या.”

सगळे जिने उतरेपर्यंत ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. पण मंगळवारी ती गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेली. तास-दीड तास तो तिच्याकडून शब्द नुसते बोलून घ्यायचा. एखाद्या ओळीत ‘पण’ का आहे आणि ‘आणि’ का नाही, यावर त्यांची अर्धा तास जुंपायची. तो सांगायचा की लांब सूर धरायला जागा मिळावी म्हणून त्यानं त्या ओळीच्या टोकाला ‘आ’सारखा मोकळा स्वर ठेवलाय, आणि ती मात्र त्या आधीच्याच अक्षरावर रेंगाळते. तिला ते पटायचं आणि पटलं की अधिकच राग यायचा. फ्रीडा मधेच काचेच्या पेल्यातला लिंबाचा चहा आणि खसखशीचा केक आणून ठेवायची. एल्मोला व्हर्लीन म्हणाली की वीस वर्षं मी गाणी नुसती सजवत होते.

चौथ्या मंगळवारी लिंडाउरनं बहिणीला विचारलं, ही बाई दर वेळी धापा टाकत का येते. फ्रीडानं सांगितलं. त्या दिवशी व्हर्लीन निघाली तसा त्यानं हॅट चढवली आणि कठडा धरून, एकेक पायरी मोजावी तसा, तिच्याबरोबर सात मजले उतरला. खाली पोचल्यावर दरवानाला तो म्हणाला, “मिस टिब्स माझ्या पाहुण्या आहेत. या समोरच्या लिफ्टनं त्या वर येणार नसतील, तर दर मंगळवारी मी इथं खुर्ची टाकून बसेन आणि आमची तालीम इथंच होईल. यांचा आवाज किती लांब जातो, ते तुम्हाला कळेलच.”

दरवान रस्त्याकडे बघत राहिला. पुढच्या मंगळवारी त्यानं लिफ्टचं दार उघडून धरलं, आणि तिच्याकडे न बघता सातवा मजला दाबला.

त्या दिवशी तिनं टॅक्सीच्या गाण्याचा विषय काढला. ते कडवं आधी छापून पुढं का गाळलं, असं विचारलं. लिंडाउरनं सांगितलं ते अगदी थोडक्यात. गाणं त्यानं संथ म्हणून लिहिलं होतं. पहिल्या प्रती छापून झाल्यावर संगीतकारानं नाटकातल्या नाचासाठी ते दुप्पट वेगानं बांधलं, आणि त्या वेगात पहिलं कडवं शोभेना. ते गेलं. गाणं मात्र धो-धो चाललं, त्याच्यावर हे घर उभं राहिलं. मग तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

“आणि त्या दोन बॅगा?”

“माझ्या बायकोच्या. ती दारात उभी होती. टॅक्सी खाली थांबलीय, असं ती मला दोनदा म्हणाली.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. माझं एका यमकावर अडलं होतं. मी ते शोधत होतो.”

फ्रीडा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. व्हर्लीननं सांत्वन केलं नाही. त्याला ते रुचलं नसतं हे एव्हाना तिला कळलं होतं. ती एवढंच म्हणाली की हे गाणं मी संथ गाणार, कडव्यासकट. तो म्हणाला, कंपनी गाऊ देणार नाही.

जूनमध्ये स्टुडिओ मिळाला. पहिल्या दिवशी सहा गाणी झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच. काचेपलीकडं बसलेला हॅलोरन खुशीत होता. मनातून त्याला आश्चर्यही वाटत होतं. मग टॅक्सीचं गाणं आलं. एल्मोनं चार संथ सूर टाकले, व्हर्लीननं कडवं सुरू केलं आणि हॅलोरननं टेप बंद करायला लावली. तो बाहेर आला. म्हणाला, तबकडी खपणार ती या एका गाण्यावर. लोकांना त्यावर नाचायचंय, त्यांना घरमोड ऐकायची नाही. लोकांना ठाऊक आहे तसं गा आणि मोकळी हो.

व्हर्लीननं त्याला समजावलं नाही. तीन आठवडे समजावून झालं होतं. तिनं पिशवीतून डबा काढला, स्टुलावर बसून सँडविचचा घास घेतला आणि म्हणाली, “सहीच्या कागदावर बारा गाणी लिहिलीत. अकरा झाली. बारावं हे असं होईल. तोवर मी इथंच आहे.”

“संध्याकाळी सहाला स्टुडिओ दुसऱ्याला दिलाय.”

“मग त्यांना म्हणावं, माझ्या आजूबाजूला बसून वाजवा.”

हॅलोरननं वादकांना घरी जायला सांगितलं. बासवाला आणि ड्रमवाला यांनी एल्मोकडं पाहिलं. एल्मो पियानोपाशी बसल्या बसल्या बुटाचे बंद सैल करत होता. कुणीच उठलं नाही. घड्याळात पावणेपाच झाले, पाच झाले. हॅलोरननं दोन फोन केले, एक सिगारेट अर्धवट विझवली. साडेपाचला तो काचेआड जाऊन बसला आणि आतून त्याचा आवाज आला: एकदा. एकदाच.

तिनं एकदाच गायलं. आवाज चढवला नाही, सूर वळवले नाहीत. समोर कुणीतरी खाली मान घालून बसलंय आणि आपण दारात उभ्या आहोत, अशी ती बोलली. बोलता बोलता ते गाणं झालं. शेवटी ‘आत्ता बोल’ म्हणून ती थांबली आणि एल्मोनंही पुढं काही वाजवलं नाही. हॅलोरन बराच वेळ टेप थांबवायला सांगायचं विसरला होता. मग टेबलावरचे कागद आवरत त्यानं विचारलं, वेष्टनावर त्या माणसाच्या नावाचं स्पेलिंग काय घालायचं.

कच्ची तबकडी घेऊन ती मंगळवारी सातव्या मजल्यावर गेली. लिंडाउरनं बाराही गाणी सलग ऐकली. शेवटचं संपल्यावर तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोराच म्हणाला की सातव्या गाण्यात तिनं एक ‘त’ गिळलाय. फ्रीडा मात्र एप्रनला डोळे पुसत होती.

तबकडी सप्टेंबरात निघाली. पहिले दोन महिने ती दुकानांतून धूळ खात पडली. हॅलोरननं बोलून दाखवलं नाही, पण त्याचा चेहरा सांगत होता. मग शिकागोच्या एका रेडिओवाल्यानं संथ टॅक्सी लावली आणि ऐकणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. त्यांत बायकांची जास्त. नाताळपर्यंत कंपनीला तबकड्या दुसऱ्यांदा छापाव्या लागल्या. दुसरा भाग काढू या, असं हॅलोरन आपण होऊन म्हणाला, आणि व्हर्लीननं ते, जणू सगळी कल्पना मुळात त्याचीच होती असं दाखवत, ऐकून घेतलं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी लिंडाउरनं तिच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद सरकवला. गाणं नवं होतं. कुठलीही चाल नसताना, कुणीही न मागता लिहिलेलं. तिनं ते उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबली.

“ही ओळ तोंडात बसत नाही.”

“तुझ्या तोंडात बसत नसेल.”

“मग गाणार कोण, तुम्ही?”

म्हाताऱ्यानं कागद ओढून घेतला आणि खोडरबर शोधू लागला. संध्याकाळपर्यंत त्या एका ओळीचे पाच प्रकार झाले. तिला त्यांतला चौथा आवडला, त्याला पाचवा. शेवटी सहावा लिहावा लागला.

तो कागद घेऊन ती तडक एल्मोकडं गेली. एल्मो म्हणाला, “मी साथ करणारा माणूस, व्हर्लीन. जन्मात कधी चाल बांधली नाही.” ती म्हणाली की चालीचं नंतर बघू, आधी हे वाच, मोठ्यानं. त्यानं दिवाणखान्यात बायकोसमोर, अडखळत, लाजत वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याचा उजवा हात पियानोकडं गेला. तेव्हा व्हर्लीननं कोट काढून खुंटीला टांगला आणि त्याच्या बायकोला विचारलं, जेवायला काय आहे.